पेय विभाग

“ही काय दारू होय का वो? बासच नाही!”

धुरपताबाईंनी बाटलीचं झाकण नाकाशी धरलं होतं आणि कुरकुर चालली होती ती थेट मंजूच्या कानात. स्वयंपाकघरात तिघी उभ्या राहिल्या की जागा अशी उरतच नसे. एकीने तक्रार केली की ती दुसरीच्या कानातच पडायची. म्हातारीने पुन्हा एकदा हुंगलं आणि झाकण सुनेच्या नाकापुढे नेलं. “तूच पाह्य. रंग नाही, बास नाही. मंग नवरा पेऊन आला का कीर्तनातून आला, बायकोले समजन कसं?”

“समजू नये म्हणूनच काढली असेल, माय,” मंजू म्हणाली.

“लबाड हाय मंग.” धुरपताबाईंनी झाकण ओट्यावर ठेवलं आणि दोन बोटं पदराला पुसली. “कितव्या धारेची होय गं, रिंकू?”

रिंकू लिंबं तळहाताखाली दाबून ओट्यावर गोल गोल फिरवत होती. हसून म्हणाली, “आजी, ही तीन-चारदा गाळतात. मग कोळशातून काढतात.”

“बाप्पा! मंग बास कायची राहीन? सारं पाप धुवूनच टाकलं.”

मे महिन्यातली दुपार कलली होती, तरी गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या भिंती अजून तापलेल्या होत्या. समोरच्या खोलीत खिडकीतला कूलर घरघरत होता, आणि त्याची हवा खेळती राहावी म्हणून बाहेरचं दार सताड उघडं होतं. त्या दारामुळे पुढे काय होणार आहे हे मंजूच्या ध्यानात यायला हवं होतं. पण तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे. नवरा सात वाजता परत येणार होता, आणि सातच्या आत ही बाटली पुन्हा टॉवेलात गुंडाळून पोरीच्या बॅगेत गेली पाहिजे होती.

नवरा म्हणजे भुपेंद्र, गोंदियातल्या एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक. आत्ता तो कॉलनीच्या व्यसनमुक्ती समितीच्या बैठकीला गेला होता. अध्यक्ष तोच होता.

आणि पोरगी, रिंकू, नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात तीन वर्षं बारच्या काउंटरमागे उभी राहून लोकांना पेयं करून देत होती. त्यात ती इतकी तरबेज झाली होती की आता गोव्याच्या एका हॉटेलाने अख्खा बार सांभाळायला तिला बोलावलं होतं. उद्या सकाळच्या गाडीने निघायचं होतं. कुडव्यात मात्र रिंकू ‘पेय विभागा’त होती. हा शब्द भुपेंद्रने शोधून काढला होता, आणि मंजूचं प्रामाणिक मत असं की बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत त्याने एवढा कामाचा शब्द दुसरा शोधला नाही. पेय म्हणजे काहीही. शेजारच्या बायकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे त्यात चहा-कॉफी भरून घेतली. एकीने तर विचारलंही होतं, “तिच्या हॉटेलात पत्ती कोणती वापरतात वो?” मंजूने तोंड वाकडं न करता सांगितलं, “चांगली वापरतात.”

रिंकूला बापाकडून फार काही नको होतं. तिला एक प्रश्न हवा होता. तीन वर्षांत बाबांनी एकदाही विचारलं नव्हतं की बेटा, तू तिथं करतेस काय? या खेपेला येऊन चार दिवस झाले. तिकीट कन्फर्म आहे का, हे विचारून झालं. चार्जर घेतला का, गोव्यात पाऊस फार असतो, छत्री घेतली का, तेही झालं. छत्री तर ते स्वतः जाऊन घेऊन आले, दांड्याची, मोठी. आणि आज सकाळी कपडे वाळत घालताना रिंकू आईला म्हणाली होती, “आई, उद्या पण बाबांनी काही न विचारताच मी निघाले ना, तर पुढे मी इथं येत जाईन, पण पाहुण्यासारखी. दोन दिवस यायचं, खायचं, जायचं.” हे तिने रागाने म्हटलं असतं तर मंजूने दुर्लक्ष केलं असतं. पोरगी टॉवेल झटकत अगदी साध्या आवाजात बोलली होती.

विचारलं ते शेवटी आजीने. दुपारी चारला झोपेतून उठून, पाय खाली सोडून बसल्या बसल्या धुरपताबाई म्हणाल्या, “उद्या तं तू चालली. तिथं करतं काय, मले एकडाव करून दाखव ना.”

म्हणून ही बाटली बाहेर निघाली होती.

“सगळ्यात सोपं करते,” रिंकूने बाह्या वर सारल्या. “व्होडका आणि लिंबूपाणी. नवीन आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो. हे ज्याला जमलं त्याला बाकीचं जमतं.”

“लिंबूपानी तं तुह्या मायलेही जमते.”

“आईचं लिंबूपाणी कधी गोड असतं, कधी आंबट, कधी दोन्ही नसतं.”

“खरं हाय,” सासू म्हणाली, आणि मंजूने दोघींकडे एकदम डोळे वटारून पाहिलं.

मापायला काही नव्हतं तेव्हा रिंकूने कपाटातून खोकल्याच्या औषधाचं टोपण शोधून काढलं, त्यावर रेषा होत्या. गाळणी झाली चहाची. अडलं ते ग्लासांवर. स्टीलच्या पेल्यात ती करायला तयार होईना. “आजी, हे आधी डोळ्यांनी प्यायचं असतं.” काचेचे ग्लास घरात सहाच होते, तेही शोकेसमध्ये, भुपेंद्रला एका मंडळाने सत्कारात दिलेले. प्रत्येकावर हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘व्यसनमुक्त गाव, सुखी गाव’. मंजूने क्षणभर विचार केला. मग तीन ग्लास काढले, धुतले आणि अक्षरं भिंतीकडे करून ठेवले.

“आता साखरेचा पाक,” रिंकू म्हणाली, “जेवढी साखर तेवढं पाणी…”

“साखर कायले?” धुरपताबाई म्हणाल्या, आणि मापणं-बिपणं अर्धवट टाकून खोलीत गेल्या.

परत आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मंजूला तो डबा माहीत होता. म्हातारीच्या खाटेखाली, लुगड्यांच्या गाठोड्यामागे तो असायचा, आणि झाडताना मंजू तेवढ्या जागी केरसुणी हलकी करायची. चैत्रात देवरीकडून म्हातारीचा भाचा बकाराम येऊन गेला की डबा जड व्हायचा. मग वर्षभर दुपारी सगळे लवंडले की धुरपताबाई त्यातले तीन-चार दाणे तोंडात टाकायच्या, मनुका खाल्ल्यासारखे. सासू काय खाते हे सुनेला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक आहे हे सासूला ठाऊक होतं, आणि दोघींनी इतक्या वर्षांत त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं.

डब्यात वाळलेली मोहफुलं होती.

“आजी!” रिंकूने एक फूल उचलून दातांखाली धरलं, चावलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. आपल्या कामातली चीज समोर आली की सोनाराचा चेहरा होतो तसा. “हे इतकं गोड असतं? याचा पाक होईल?”

“होते म्हंजे? पोट्यापाट्यायले यावरच पोसलं आमच्या इकडं. धुवाचं, आतला कचरा काढाचा, पान्यात उकळाचं. दारूबिरू काही नाही त्यात. नुसतं फूल.”

मंजूने नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हातारी आणि नात एका गंजावर डोकी जोडून उभ्या होत्या. एकीचे केस कापसासारखे, दुसरीचे मानेपर्यंत कापलेले. आणि म्हातारी सांगत होती, पोरगी ऐकत होती, “आच मोठी नको ठेवू, करपते,” आणि गॅसवरच्या गंजात पाणी हळूहळू तांबूस व्हायला लागलं होतं. मंजूने तोंड मिटलं. एवढ्या वर्षांत सासूला कुणी काही शिकव म्हटलेलं तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

शिकवण्यासारखं म्हातारीजवळ एकच होतं, आणि तेच या घरात वर्ज्य होतं.

मंजूला ही गोष्ट लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळली होती, तांदूळ निवडता निवडता, सासूच्याच तोंडून. देवरीच्या पलीकडे जंगलाला लागून गाव. सासरा कवडू लाकडाच्या ट्रकवर हमाल. एक दिवस ओंडका सरकला आणि त्याची कंबर गेली. पुढची सहा वर्षं, मरेपर्यंत, तो माणूस खाटेवरून उठला नाही. तेव्हा भुपेंद्र चौथीत होता. धुरपताबाईंनी वर्षभर धान रोवण्याची, कापणीची मजुरी करून पाहिली. मग एक दिवस तीन मडकी आणली आणि घरामागे नाल्याच्या काठी मोहाची भट्टी लावली. बारा वर्षं लावली. तिची दारू आसपासच्या चार गावांत नावाजलेली. तिने स्वतः मात्र ती जिभेवर ठेवून थुंकण्यापलीकडे कधी घेतली नाही. कवडूनेही नाही. “खाटेवर पडून पेला असता तं दुःख तरी कमी झालं असतं,” धुरपताबाई सांगत होत्या, “पन नाही पेला. म्हने, माल विकाचा हाय.” भुपेंद्रच्या दहावीच्या पहिल्या पेपराच्या दिवशी शिपाई आले, मडकी फोडली आणि तिला घेऊन गेले. ती संध्याकाळपर्यंत चौकीत बसून होती, आणि पोरगा सात किलोमीटर चालत जाऊन मराठीचा पेपर देऊन आला होता. त्याला नोकरीचा कागद आला त्या दिवशी उरलेली मडकी तिने स्वतःच फोडली.

मंजू कुडव्यात नांदायला आली तोवर यातलं काहीच उरलेलं नव्हतं. भुपेंद्र भाषणात सांगायचा, ‘माझ्या आईने काबाडकष्ट करून मला शिकवलं.’ काबाडकष्ट हा शब्द फार ऐसपैस. त्यात मडकं मावतं, नाला मावतो, चौकीचा बाकही मावतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्या रांगेत बसलेल्या धुरपताबाईही वाजवायच्या.

तो वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. आईच्या गुडघ्यांना रोज तेल लावणारा, बायकोला स्कूटी शिकवताना स्वतः दोनदा पडलेला. गावच्या शाळेत पोरं त्याला ‘भट्टीवालीचा’ म्हणायची. ते नाव मागे टाकण्यात त्याची अर्धी उमर गेली, आणि ते मागे टाकताना आई केव्हा थोडी मागे राहिली हे त्याला कळलं नाही. आता पोरगीही राहू लागली होती. एका घरात दोन बायका झाकून ठेवायच्या, आणि झाकणावर हात ठेवून आपण बसायचं, याचा मंजूला कंटाळा आला होता.

“झाला,” धुरपताबाईंनी चमच्यातला थेंब बोटांवर घेऊन तार पाहिली. “पुरे.”

रिंकूने पाक गाळून थंड पाण्यात वाटी धरून निववला. मग तिचे हात चालायला लागले, आणि मंजूला एकदम दिसलं की आपली पोरगी कामाला लागल्यावर अशी दिसते. ग्लासात बर्फ. बर्फावर साडेचार टोपणं व्होडका. तीन टोपणं लिंबाचा रस, दोन टोपणं तो तांबूस पाक, मिठाची एक चिमूट. लांब चमचा काठाकाठाने फिरला, बर्फ वाजला नाही. वरून थंडगार सोडा, तोही तिरक्या ग्लासात, हळू. शेवटी लिंबाच्या सालीची एक पट्टी घेऊन तिने ती ग्लासाच्या कडेवरून पुसली आणि आत सोडली. कुठे घाई नाही, एक थेंब सांडला नाही.

“घ्या. आजी, तू एकच घोट घ्यायचा. बीपीची गोळी आहे तुझी.”

“मले शिकवते!” धुरपताबाईंनी ग्लास उजेडाकडे धरला. खाली मधासारखा रंग, वर पांढुरका. घोट घेतला, जिभेवर धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, थुंकायला मोरीकडे न जाता, गिळला.

दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“हात चांगला हाय तुहा,” म्हातारी म्हणाली. “ज्याचा हात घाई करते त्याची दारू डोक्यात जाते. तुही नाही जाणार.”

रिंकूला हॉटेलाने गोव्याला बोलावलं तेव्हा ती हसली होती, मिठाई वाटली होती. आत्ता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंजूनेही जन्मात पहिल्यांदा एक घोट घेतला. आधी लागलं ते नुसतं लिंबू. मग गोड, जंगलातलं काहीतरी. आणि त्याच्या मागून, पाहुणा दाराआड उभा असावा आणि नुसता खाकरावा, तशी बारीक ऊब. “बरं आहे की,” ती म्हणाली, आणि नको म्हणता म्हणता दुसरा घेतला. रिंकू जन्मली तेव्हा दवाखान्यात माहेरच्या-सासरच्या सगळ्या बायका ‘असू दे, असू दे’ करत बसल्या होत्या, ही म्हातारी बाजारात जाऊन दोन किलो जिलेबी घेऊन आली होती, आणि सगळ्या वॉर्डात वाटून, वर म्हणाली होती, “असू दे कायले? आली हे.” मंजूला वाटलं, त्या जिलेबीबद्दल आपण हिला कधी काही बोललोच नाही. असं काय काय राहून जातं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

सहाला दहा कमी होते. प्रमुख पाहुणे उन्हामुळे आले नव्हते म्हणून बैठक रद्द झाली होती, हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की भुपेंद्र चपला न काढता थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आहे, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला आहे.

तेव्हा मंजूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कूलर. अर्धा तास कूलर बाहेरची हवा आत ढकलत होता आणि घरातली सगळी हवा उघड्या दारातून गल्लीत जात होती. शिजलेल्या मोहाचा तो जड, गोड वास, गुळासारखा, ओल्या पाल्यासारखा, पहिल्या घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचला असणार. व्होडकाला वास नव्हता. चार दिवस ती पोरीच्या बॅगेत सुखाने राहिली होती.

“माय,” भुपेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. बाटली त्याच्या कोपरापाशी होती. तिच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही, पाण्याची वाटली असेल. तो गॅसवरच्या गंजाकडे बघत होता. “माय, हे काय आहे? या घरात? मी तिकडे लोकांना… आणि तू इथे…”

धुरपताबाईंनी एका शब्दाने सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण त्या एकदम लहान झाल्या. खांदे आत गेले. चौकीत त्या दिवशी अशाच बसल्या असतील, मंजूला वाटलं. त्यांनी पदराने गंज धरला आणि मोरीकडे निघाल्या, ओतून टाकायला.

रिंकू आडवी झाली. “आजी, ठेव तो.” तिने गंज काढून ओट्यावर ठेवला, बाटली उचलली आणि बापाच्या समोर धरली. “बाबा, दारू ही आहे. मी आणली. त्या गंजात नुसती फुलं आहेत, पाण्यात उकळलेली. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा. मी हेच काम करते. तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.”

कूलर घरघरत होता. भुपेंद्रने बाटलीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, ओट्यावर आपल्या सत्काराचे ग्लास पाहिले. मग दाराशी ठेवलेल्या स्टुलावर बसला. उन्हातून आलेला माणूस. मानेवरून घाम ओघळत होता.

मंजूला त्या क्षणी जे सुचलं ते तिने केलं. चौथा ग्लास काढला, बर्फ टाकला, लिंबू, मीठ, मोहाचा पाक, थंड पाणी. बाटलीला हात लावला नाही, आणि तो तिने लावला नाही हे भुपेंद्रला दिसेल अशा बेताने उभी राहिली. “घ्या जी. यात ती नाही. तहान लागली असेल.”

त्याने ग्लास घेतला, बहुतेक हाताला काहीतरी हवं म्हणून. एक घोट प्यायला. थांबला. दुसरा प्यायला, मग सगळा, एका दमात, आणि रिकामा ग्लास गुडघ्यावर धरून बसून राहिला. ‘सुखी गाव’ त्याच्या बोटांमधून दिसत होतं.

मग तो म्हणाला, “लिंबं कुठून आणायची तू?”

कुणालाच कळलं नाही तो कुणाशी बोलतो आहे. धुरपताबाईंना कळलं.

“तवा? पेपराच्या वक्ती?” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “बांधावरचे. मनिरामच्या.”

“विचारून?”

“कोनाले विचारू? पहाटे.”

भुपेंद्रच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “रोज सकाळी पितळेचा गिलास भरून ठेवायची,” तो रिंकूला म्हणाला, म्हणजे निदान तिच्या दिशेने. “मोहफुलाचं पाणी आणि लिंबू. पिऊन सात किलोमीटर जायचं. त्या दिवशी, तिला नेलं त्या दिवशी पण… मी उठलो तर माय घरात नाही. मडकी फुटलेली. आणि चुलीजवळ गिलास भरलेला, झाकण ठेवून.” त्याने रिकाम्या ग्लासावर तळहात ठेवला. “शिपाई दारात उभे असतील, आणि ही लिंबू पिळत होती.”

“मंग? उपाशी जाशीन का पेपराले?” म्हातारी म्हणाली.

रिंकू ओट्याला टेकून उभी होती. तिने बाटली खाली ठेवली होती. “बाबा, पाक आजीने केलाय,” ती हळूच म्हणाली. “मी नुसतं मापलं.”

“कशानं मापलं?”

तिच्या कामाबद्दलचा हा त्याचा पहिला प्रश्न होता. रिंकूने टोपण दाखवलं. भुपेंद्रने ते हातात घेतलं, रेषांकडे पाहिलं, मास्तरांच्या सवयीने बोटाने रेषा मोजल्या. “किती किती घेतेस?” आणि ती सांगायला लागणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

“गुरुजी! ओ गुरुजी! घर पे हो क्या?”

समोरच्या घरातले नंदलालजी. राईस मिलमध्ये मुनीम होते, आता रिटायर, आणि समितीचे सचिव. आत येता येताच नाक वर करून बोलत होते. “मीटिंग तो गई पानी में… पर ये महक काहे की है, गुरुजी? हमारे आँगन तक आ रही है. पहचान की लगती है.”

स्वयंपाकघरातल्या चौघांपैकी आधी हलल्या त्या धुरपताबाई. तीस वर्षांची सवय. पदर सारखा करून त्या समोरच्या खोलीच्या दारात गेल्या आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, “काढा हाय जी. माह्या गुडघ्यायले.”

“अच्छा, अच्छा. काढा.”

मंजूने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं, रोजच्यासारखं. म्हातारीने सगळं सावरलं होतं, पेला भरून झाकून ठेवावा तसं. मंजूने डोळे मिटून घेतले, आणि तिला स्टूल सरकल्याचा आवाज ऐकू आला.

भुपेंद्र बाहेरच्या खोलीत जाऊन आईच्या शेजारी उभा राहिला. रिकामा ग्लास अजून हातातच होता.

“काढा नाही, नंदलालजी,” तो म्हणाला. मग खाकरला, आणि शाळेतली शुद्ध भाषा त्याच्या तोंडून कुठल्या कुठे गेली. “मोहफुलं होत. माही माय मोहाची दारू गाळे. बारा वर्सं. तिले चौकीत बसवलं, तरी गाळली. मी काबाडकष्ट, काबाडकष्ट म्हनत राहिलो ना स्टेजवर, ते हेच. त्या दारूवर मी शिकलो, मास्तर झालो.”

नंदलालजींचं नाक अजून वरच होतं, तोंड उघडं. धुरपताबाईंनी लेकाची बाही धरली होती, ओढून गप्प करायला, आणि मग धरूनच ठेवली.

भुपेंद्रने मागे वळून, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पोरीला हाताने पुढे बोलावलं.

“अन् हे माही रिंकू. पेय विभाग-गिभाग काही नाही. बार सांभाळते. उद्या गोव्याले चालली. हात पाहा तिचा, माह्या मायवर गेली.”